फोरबर्गचं काबुकी

डच बोलायला शिकायचं असेल तर डच माणसांत मिसळा, असा सल्ला मला भाषेच्या शिक्षकांनी दिला. मी द हेगला लागून असलेल्या फोरबर्गमध्ये बरीच वर्षं राहतेय, पण मिसळायला जागाच सापडत नव्हती. ऑफिस आर्नहेमला, तिथं विजेच्या जाळ्याचं सॉफ्टवेअर लिहितो आम्ही, आणि सगळं इंग्रजीत. दुकानात मशीनवर आपणच आपलं बिल करायचं. घरी नवऱ्याशी मराठी. लेकीशी मी मराठीत बोलते, ती डचमध्ये उत्तर देते, आणि मी चुकून डचमध्ये बोलले तर ती मैत्रिणींकडे बघून डोळे फिरवते. नागरिकत्वाची तोंडी परीक्षा मात्र जवळ आली होती.

म्हणून मी आमच्या भागातल्या समाजकेंद्रात चौकशीला गेले. मातीची भांडी करण्याचा वर्ग भरलेला होता. पक्षी ओळखण्याचा तर कधीच भरला होता, तिथं प्रतीक्षायादी होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "जपानी पारंपरिक नाटकाची ओळख, शनिवारी सकाळी, त्यात जागा आहे."

"शिकवतात डचमध्येच ना?"

"डचमध्येच," ती म्हणाली, आणि जरा थांबून म्हणाली, "म्हणजे, साधारण."

त्या 'साधारण'चा अर्थ पहिल्याच शनिवारी कळला. शिकवणाऱ्या बाई जपानी होत्या. सत्तरीच्या, बुटक्या, ताठ, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. तरुणपणी एका डच माणसाशी लग्न करून इकडे आल्या, एका दंतवैद्याकडे जन्मभर रिसेप्शनवर काम केलं, आता विधवा. त्यांचं डच व्याकरणात बिनचूक आणि उच्चारात पूर्ण जपानी होतं. 'र' आणि 'ल' यांच्यात त्या भेद करत नसत. मी मनातल्या मनात त्यांना पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणायला लागले, कारण त्या आत आल्यावर आम्ही सगळे उठून उभे राहिलो होतो. डच माणसं कुणासाठी उठत नाहीत. ती का उठली, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

वर्गात माझ्याखेरीज सगळे निवृत्त. त्यातले दोघे लक्षात ठेवण्यासारखे. एक जण द हेगची ट्राम चालवायचा. दांडगा, हसरा, बायकोने घराबाहेर काढलं म्हणून आलेला. दुसरे निवृत्त न्यायाधीश. ते एकदा क्योतोला आठवडाभर जाऊन आले होते आणि तेव्हापासून जपानबद्दलचे निवाडे तेच देत.

पहिला धडा नोह नाटकाचा. सहाशे वर्षांपूर्वी देवळांच्या जत्रांत नाचगाणी करणारे लोक होते. त्यातल्या एका बाप-लेकावर तिथल्या सरदारांचा सरदार खूश झाला, त्याने त्यांना दरबारात नेलं, आणि जत्रेतल्या खेळाचं इतकं गंभीर काहीतरी झालं की पुन्हा जत्रेत कुणी ते बघितलं नसतं. रंगमंच साध्या लाकडाचा. मागे रंगवलेलं एकच पाइनचं झाड, नाटक कुठलंही असो. मुख्य नटाच्या तोंडावर मुखवटा. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. बहुतेक नाटकांत एक प्रवासी भिक्खू कुठल्यातरी गावी पोचतो, तिथं त्याला कुणी भेटतं, आणि मग कळतं की ते माणूस नव्हे, भूत आहे. भूत आपली कहाणी सांगतं, भिक्खू प्रार्थना करतो, भुताची सुटका होते.

"याला किती वेळ लागतो?" ट्रामवाल्याने विचारलं.

"भूत किती दुःखी आहे त्यावर," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवीतून एक मुखवटा काढला. तरुण बाईचा, पांढरा, निर्विकार. जरासा वर केला तर ती हसल्यासारखी दिसायची, जरासा खाली केला तर रडवेली. न्यायाधीशांनी खुलासा केला की हे त्यांना क्योतोपासून माहीत आहे. मग आम्ही सगळ्यांनी पाय सरकवत चालून बघितलं. समाजकेंद्राच्या लिनोलियमवर बुटांचा किंचाळल्यासारखा आवाज येत होता. बाईंनी सगळ्यांना मोज्यांवर यायला लावलं. माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. नागरिकत्वाच्या वाटेवर असा अडथळा येईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर क्योगेन. हे नोहचं हसरं भावंड. दोन गंभीर नाटकांच्या मध्ये लोकांनी जरा श्वास घ्यावा म्हणून. त्यात मालक मूर्ख, नोकर हुशार, किंवा नोकर त्याहून मूर्ख. पात्र येतं आणि आधी सांगतं, मी अमुक गावचा अमुक. मला आपल्या वगातल्या शिपायाची आठवण झाली. ट्रामवाला यात एकदम खुलला. जपानी पद्धतीचं, पोटातून येणारं तीन टप्प्यांचं हसू त्याला पहिल्याच फटक्यात जमलं, आणि शेजारच्या खोलीतला योगवर्ग तक्रार घेऊन आला.

एके शनिवारी न्यायाधीशांनी अभिमानाने सांगितलं की जपानने जगाला दारं बंद केली तेव्हाही युरोपातल्या फक्त डच लोकांना व्यापाराला परवानगी होती. दोनशे वर्षं!

"हो," बाई म्हणाल्या. "नागासाकीजवळच्या एका बेटावर. बाहेरच्या खेळाच्या मैदानाएवढं असेल. पुलावर पहारा होता."

न्यायाधीशांनी कॉफी घेतली.

काबुकीचा धडा बाईंनी शेवटी ठेवला होता. काबुकीची सुरुवात एका बाईने केली. चारशे वर्षांपूर्वी क्योतोमध्ये नदीच्या कोरड्या पात्रात ती नाचायची, पुरुषाचे कपडे घालून, कमरेला तलवार लावून. लोक वेडे झाले. तिच्यासारख्या बायकांच्या टोळ्या निघाल्या. सरकारला वाटलं की याने नीती बिघडते, म्हणून बायकांना रंगमंचावर बंदी. मग कोवळी पोरं बायकांच्या भूमिका करायला लागली. त्याने नीती आणखीच बिघडली. पोरांनाही बंदी. मग उरले मोठे पुरुष. त्यांनी कपाळावरचे केस भादरले आणि पिढ्यान्‌पिढ्या इतक्या सुंदर बायका केल्या की खऱ्या बायका त्यांच्याकडून चालणं शिकायला लागल्या.

"आणि बंदी उठल्यावर?" मी विचारलं.

"बंदी केव्हाच उठली," बाई म्हणाल्या. "पण तोवर सगळ्यांना खात्री पटली होती की बाईचं काम बाईला नीट जमत नाही."

त्या दिवशी कॉफीच्या वेळी त्यांनी मला सांगितलं, की त्यांचे मामा काबुकीच्या थिएटरात शामिसेन, म्हणजे तीन तारांचं वाद्य, वाजवत. लहानपणी त्या पडद्यामागे बसून सगळं बघायच्या. मामा म्हणायचे, मुलगा असतीस तर. त्या मुलगा नव्हत्या. हॉलंडला आल्या, दातांच्या वेळा देत राहिल्या. या वर्गाच्या शेवटी एक छोटा कार्यक्रम करायचा होता आणि त्यात त्या स्वतः काबुकीतला एक प्रवेश करणार होत्या. वाटेवर भेटलेली बाई, जी प्रत्यक्षात कोल्हीण असते. म्हणजे पुरुषांनी घडवलेल्या बाईची नक्कल आता एक बाई करणार होती. मी हे डचमध्ये म्हणायचा प्रयत्न केला. क्रियापद चुकीच्या जागी पडलं, पण त्यांना कळलं. त्या तोंडावर हात ठेवून हसल्या.

कामं वाटली गेली. ट्रामवाला क्योगेनमधला नोकर. न्यायाधीशांकडे ठोके. काबुकीत रंगमंचाच्या कडेला एक माणूस बसतो, त्याच्यापुढे फळी असते, हातात दोन लाकडी ठोकळे. नट मान फिरवून, डोळे रोखून एका जागी गोठतो, तेव्हा हा फळीवर ठोके देतो, म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिथं जातं. न्यायाधीशांना हातोडीची सवय होती.

माझं डच सगळ्यांत कच्चं, म्हणून मला न बोलण्याचं काम मिळालं. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, तोंडावर काळा जाळीदार पडदा. नटाला हवी ती वस्तू आणून द्यायची, नको ती उचलून न्यायची, त्याचे कपडे रंगमंचावरच बदलायचे. काळा रंग म्हणजे तिथं कुणी नाही. प्रेक्षक ठरवूनच या माणसाकडे बघत नाहीत. डच बोलता यावं म्हणून मी आले होते आणि आता गप्प राहण्याची तालीम करत होते.

अशात आई आली. आई नाशिकरोडला राहते, त्र्याहत्तर वर्षांची आहे, आणि वर्षाआड आमच्याकडे येते. शनिवारी मी जाते कुठे, हे तिला कळल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "जपानी म्हणजे बुद्धाला मानणारी ना गं ती बाई? मला घेऊन चल."

बाईंना बघताच आईने हात जोडून "जय भीम" म्हटलं. बाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला. आईला ते फार आवडलं. मग तिने मला विचारायला लावलं की इथं विहार कुठे आहे, वंदना कुठल्या वेळी असते. बाई जरा ओशाळल्या. त्या देवळात फक्त नव्या वर्षाला आणि कुणी गेलं तर जायच्या. मी आईला सांगितलं, "त्या घरीच करतात म्हणे." तिने बाईंचं वय विचारलं. सत्तर ऐकल्यावर म्हणाली, "मग माझ्याहून लहान आहे," आणि त्यापुढे ती बाईंना अगं-तुगं करायला लागली. मी त्याचं डचमध्ये अहो-जाहो करत राहिले.

त्या दिवशी बाई नोहची उजळणी घेत होत्या. मी आईच्या कानाशी भाषांतर करत होते. भुताची सुटका होते इथपर्यंत आई शांत होती. मग म्हणाली, "हिला विचार, बुद्धाने तर आत्माच नाकारलाय. मग हे भूत आलं कुठून?"

"आई, नाटक आहे ते."

"विचार तर."

मी विचारलं. बाईंनी हातातला मुखवटा उलटा करून आत बघितलं. "सहाशे वर्षांत," त्या म्हणाल्या, "हे कुणी विचारलं असेल असं वाटत नाही." ट्रामवाला म्हणाला, "भूत परदेशी असेल." त्यावर आई हसली, कारण त्याचं भाषांतर मला चटकन जमलं.

माझ्या कामाबद्दल मात्र ती खूश नव्हती. परतताना ट्राममध्ये म्हणाली, "एवढी इंजिनियर झालीस, आणि त्या लोकांनी तुला सतरंज्या उचलायला ठेवलं? तेही तोंड झाकून?"

"आई, तो मानाचा भाग असतो. जपानी बाहुल्यांच्या नाटकात तर एकेका बाहुलीला अशी काळ्या कपड्यांतली तीन-तीन माणसं लागतात, आणि नुसते पाय हलवायला शिकण्यात माणसाची वर्षानुवर्षं जातात."

"मानाचा असता तर त्या जजसाहेबांनी घेतला नसता?" ती म्हणाली.

मग खिडकीबाहेर बघत तिने आपणहून सांगायला सुरुवात केली. माझे आजोबा, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांचा जलसा होता, हे मला माहीत होतं. गावोगाव जाऊन गाण्यांतून, छोट्या वगांतून लोकांना सांगायचं, मुलांना शिकवा, अंगारे-धुपारे सोडा. त्यात एक शिकलेली सून असायची, ती अंगात आलेल्या सासूला गप्प करायची. ते काम एक मिशी काढलेला पोरगा करायचा. आईला त्याची सगळी वाक्यं पाठ. ढोलकीला हात लावायची मुलींना बंदी, म्हणून ती घरी पत्र्याच्या डब्यावर वाजवायची.

"एकदा त्याला ताप आला," आई म्हणाली. "मी अण्णांना म्हटलं, मी करते. अण्णा म्हणाले, लोक काय म्हणतील. मग त्यांनी एका मिशीवाल्यालाच उभं केलं, मिशीसकट पदर घेऊन."

"आणि नाटकात तो काय सांगत होता?"

"मुलींना पुढे आणा," आई म्हणाली, आणि आमचा स्टॉप आला.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी न्यायाधीश सायकलवरून पडले. फारसं लागलं नाही, पण खांदा निखळला आणि डॉक्टरांनी हात गळ्यात बांधायला लावला. डॉक्टर म्हणाले, पॅरासिटामॉल घ्या. इथे ते सगळ्यालाच असं म्हणतात. एका हाताने दोन ठोकळे कुणाला वाजवता येणार? शेवटच्या तालमीला बाईंनी वर्गावर नजर फिरवली. सगळ्यांना कामं होती. मग त्या माझ्यासोबत आलेल्या आईपाशी थांबल्या.

"फक्त दोन ठोके," त्यांनी मला सांगितलं. "मी मान फिरवली की एक, थांबले की दुसरा. आईंना जमेल?"

मी आईला विचारलं. आईने ठोकळे हातात घेतले, उलटसुलट केले, फळीवर एकदा हळूच टेकवून आवाज ऐकला. "सांग तिला, जमेल."

तालमीत आईने दोनच ठोके दिले, दोन्ही वेळेवर. बाई वाकल्या, आई वाकली. सगळं ठीक दिसत होतं.

शनिवारी दुपारी समाजकेंद्राचा हॉल भरला. शेजारीपाजारी, ट्रामवाल्याचे जुने सहकारी, योगवर्ग. माझा नवरा आणि लेक मागे बसले होते. लेकीने आधीच सांगितलं होतं की काळ्या कपड्यांतली ती तू आहेस हे मी कुणाला सांगणार नाही. न्यायाधीश हात गळ्यात बांधून पहिल्या रांगेत. आई कडेला फळीपुढे मांडी घालून बसली होती, पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले.

ट्रामवाल्याने आधी लोकांना पोट धरून हसवलं. त्याच्या माजी सहकाऱ्यांनी मध्येच ट्रामच्या घंटेचा आवाज काढला, तेही चाललं. मला वाटतं, आईला रंग चढला तो तिथं.

मग बाई आल्या. मी त्यांना कित्येक शनिवार बघत होते, पण रंग लावून, भरजरी किमोनोत, मान एका बाजूला झुकवून त्या बाहेर आल्या तेव्हा क्षणभर मीही त्यांना ओळखलं नाही. एकेक पाऊल. बाही तोंडाशी. हॉलमध्ये कुणी खोकत नव्हतं. मी काळ्या कपड्यांत त्यांच्या मागे वाकून बसले होते. वरच्या किमोनोला धागे घातलेले होते. शेवटच्या ठोक्याला मी ते ओढायचे, की वरचा किमोनो गळून आतला पांढरा दिसणार, बाईची कोल्हीण होणार.

बाईंनी मान फिरवली. ठोका. थांबल्या. दुसरा ठोका.

आणि मग तिसरा.

मी वर बघितलं. आईचे डोळे मिटले होते. चौथा, पाचवा, आणि मग ते मोजण्यासारखे राहिलेच नाहीत. तो ठेका मला ओळखू आला, कारण ती स्वयंपाकघरात कणकेच्या डब्यावर तो वाजवते. जलशाचा ठेका. पुढचं गाणं सुरू व्हायच्या आधी लोकांना जागं करतात, तो. मी हातातले धागे घट्ट धरून बसले. शेवटच्या ठोक्याला ओढायचे होते, पण शेवटचा ठोका कुठला ते मला कळेना, आणि तो येण्याची काही चिन्हंही दिसेनात.

बाई पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला वाटलं, संपलं, जन्मभर वाट पाहून केलेला प्रवेश माझ्या आईने मोडला. तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर, किमोनोच्या काठाखाली, बाईंची टाच उचलली गेली. पुन्हा टेकली. नोहमध्ये पाय उचलत नाहीत, काबुकीत असा उचलत नाहीत. मग दुसरी टाच. बाईंनी ठेका धरला होता. त्या फिरल्या, बाही उडवली, पुन्हा फिरल्या. सत्तरीची बाई, आठ-दहा किलोचं वस्त्र. मी घाबरून धागे ओढले. अर्धेच निघाले. एक बाही गळाली, एक राहिली. अर्धी बाई आणि अर्धी कोल्हीण अशी ती नाशिकरोडच्या ठेक्यावर फोरबर्गमध्ये नाचत होती, आणि मी, जी तिथं नव्हते, तिच्यामागे दुसऱ्या बाहीशी झटापट करत धावत होते.

आईने डोळे उघडले, काय झालंय ते बघितलं, आणि एक दणका देऊन थांबली. बाई त्याच क्षणी गोठल्या, डोळे रोखून.

टाळ्या पडल्या, त्या थांबेनात. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत न्यायाधीश शेजारणीला समजावून सांगत होते, ते मला माझ्या कच्च्या डचमध्येही कळलं: तालमीत बाईंनी आम्हाला सोपी पद्धत शिकवली होती. ही खरी. क्योतोत ही बघायला मिळत नाही, हा जुना ग्रामीण संप्रदाय आहे. नंतर त्यांनी बाईंनाच विचारलं, असंच ना?

"फार जुना," बाई म्हणाल्या. "एकाच घराण्याने टिकवला आहे."

समाजकेंद्राच्या स्वयंपाकघरात आम्ही रंग उतरवत होतो. मी आईला म्हटलं, "अगं, दोनच ठोके होते."

"माहितेय," आई म्हणाली. "हात थांबेनात." तिचा चेहरा उतरला होता. "हिला सांग, माझं चुकलं."

मी सांगितलं. बाईंनी अर्धा पुसलेला चेहरा आईकडे वळवला. "त्यांना सांग, जपानमध्ये हे केलं असतं तर मला काबुकीतून हाकलून दिलं असतं." मी भाषांतर करणार तोच त्या पुढे म्हणाल्या, "पण त्यांनी मला कधी आत घेतलंच नाही, मग हाकलणार कुठून?" आणि तोंडावर हात न ठेवता हसल्या.

आईला सांगितल्यावर तीही हसली. मग दोघी बराच वेळ सिंकपाशी शेजारी शेजारी उभ्या होत्या. माझी त्यांना गरज लागली नाही. शेवटी आईच म्हणाली, "अण्णा रागावले असते आज."

"आणि मग?"

"मग काही नाही. रागावले असते." तिने बाईंच्या गालावर राहिलेला पांढरा रंग आपल्या पदराने पुसला.

मी तोंडी परीक्षा पास झाले. परीक्षकाने छंदाबद्दल विचारलं, मी भुतांबद्दल बोलले. शेवटी त्याने कुतूहलाने विचारलं की मी मूळची जपानची का, कारण माझे 'र' आणि 'ल' त्याला तसे वाटले. बाईंचा नवा वर्ग सुरू झालाय. न्यायाधीश खांदा बरा होऊन परत आलेत, आणि तो जुना ग्रामीण ठेका ते मोठ्या निष्ठेने शिकतायत. त्यांना तो जमत नाही. बाई म्हणतात, घराण्याबाहेर तो कुणालाच जमत नाही.

आई परत गेल्यावर विहारातल्या बायका जमल्या होत्या, असं बहीण फोनवर सांगत होती. सगळ्यांनी विचारलं, हॉलंड कसं आहे, पवनचक्क्या बघितल्या का, ट्युलिप बघितले का. आईने तासभर उभं राहून त्यांना जपानी नाटकाचा इतिहास सांगितला. नदीतली बाई, बंदी, कपाळ भादरलेले पुरुष, सगळं. मध्ये कुणीतरी विचारलं, आणि हॉलंडचं काय?

"तिथं सायकली फार आहेत," आई म्हणाली, "त्यावरून जज पडतात," आणि पुन्हा काबुकीकडे वळली.